पाईच्या रांगेतला हास्यसम्राट

आमच्या क्लेकहीटन गावात सगळीकडे असं बोललं जातं की गॅविन बिकरडाइकचा विनोद ऐकून एक माणूस हसता हसता खुर्चीवरून पडला आणि त्याचं मनगट मोडलं. माणूस पडला हे खरं. मनगट मोडलं हेही खरं. पण तो हसत नव्हता, झोपला होता. मी दोन खुर्च्या सोडून बसले होते. त्याचं घोरणं ऐकू येत होतं, आणि खरं सांगायचं तर त्या संध्याकाळी ऐकण्यासारखं तेवढंच होतं.

गॅविन चौतीस वर्षांचा आहे. बाजारपेठेतल्या कार्पेटच्या दुकानात तो लोकांच्या खोल्या मोजायचा. त्याचे निम्मे विनोद बायकोवर असतात, आणि त्याचं लग्न झालेलं नाही. प्रत्येक विनोदाआधी तो दोनदा खाकरतो, पँट वर ओढतो आणि म्हणतो, "म्हणजे बघा हं." मग विनोद. मग कोणी हसायच्या आत स्वतःच "काय?" विचारतो, जणू समोरच्याने भाडं थकवलंय.

त्याची कारकीर्द चढती आहे, असं तो सांगतो. पहिला प्रयोग हडर्सफील्डच्या एका पबच्या मागच्या खोलीत झाला. प्रेक्षक सात, त्यातला एक ग्लास गोळा करत होता. मग ब्रॅडफर्डच्या स्पर्धेत त्याचा तिसरा नंबर आला. स्पर्धक चार होते आणि चौथ्याची गाडी वाटेत बंद पडली. तरी आठवड्याच्या पेपरात फोटो आला, वर मथळा "क्लेकहीटनचा हास्यसम्राट". मथळा त्यानेच लिहून पाठवला होता. मग गेल्या ऑगस्टमध्ये एडिंबराचा महोत्सव. तिथे हा तीन आठवडे पावसात पत्रकं वाटत होता. परत आला तो सर्दी आणि पाच तारे घेऊन. तारे देणारा समीक्षक त्याचा मावसभाऊ.

पण या जूनमध्ये खरंच काहीतरी घडायचं होतं. टीव्हीवरचा एक मोठा विनोदवीर तीस गावांच्या दौऱ्यावर निघणार होता. त्याच्याआधी दहा मिनिटं लोकांना हसवून तयार ठेवायला कोणीतरी हवं होतं. त्याची एजंट, डेंट नावाची बाई, लीड्सहून एकदाच येऊन गॅविनला बघणार होती, तेही त्याच्याच गावच्या लोकांसमोर, आमच्या कामगार क्लबात. गॅविनने लगेच नोकरी सोडली. दुकानदाराने काचेवर "माणूस पाहिजे"ची चिठ्ठी लावली, आणि गॅविन रोज तिच्यासमोरून मान ताठ करून जाऊ लागला. शुक्रवारपर्यंत ती मान थोडी वाकली होती.

त्याच शुक्रवारी बसथांब्यावर मी मैत्रिणींना त्याची नक्कल करून दाखवत होते, आणि त्या लोटपोट हसत होत्या. त्यांची नजर एकदम माझ्या खांद्यावरून पलीकडे गेली. मागे तो.

"कोणाची नक्कल चाललीय?"

"कोणाची नाही. घसा खवखवतोय."

"दोनदा?"

मैत्रिणी बसमध्ये पळाल्या. मी अडकले.

"उद्या ये पोरी," तो म्हणाला. "बघ लोक कसे लोळतात."

"गॅविन, तू सव्वासहाला उभा राहणार. साडेसहाला मटण भरलेल्या गरम पाई येतात. पाईपुढे आजवर कोण टिकलंय? त्या डॉन्कास्टरच्या गायिकेला पाई आल्या म्हणून अर्ध्या ओळीवर थांबवलं होतं. बिचारीचं तोंड उघडं ते उघडंच."

"पैज लाव."

मी लावली. अख्खा हॉल एकदा जरी एकत्र हसला, तर तो जिंकला. नाही हसला, तर त्याने माइकवरून जाहीर करायचं की मी परत कार्पेटं मोजायला चाललो.

"आणि मी जिंकलो, तर माझी ती नक्कल मला शिकवायचीस."

मला वाटलं थट्टा करतोय. चेहरा पाहिला. नव्हता करत.

शनिवारी क्लब भरला होता, पण गॅविनसाठी नाही. तो खाकरला, खाकरला, पँट ओढली. "म्हणजे बघा हं. माझी बायको इतकी सावकाश जेवते की या रविवारचं ताट समोर आलं तरी गेल्या रविवारचा बटाटा तोंडात. काय?" कोणीतरी नाक शिंकरलं. डेंटबाईंनी फोन काढला. तेरा मिनिटं हे असंच चाललं. गॅविनचा शर्ट काखेत काळा पडत गेला, आणि लोक दरवाज्याकडे बघत राहिले.

मग स्टेजशेजारच्या खोक्याएवढ्या खोलीतून क्लबचे सेक्रेटरी, स्टॅन्सफील्डकाका, स्वतःच्या माइकवर गरजले, "पाई आल्या! एकच रांग करा. वाटाणे शेवटी मिळतील."

हॉल उठला. अर्ध्या मिनिटात बारपासून शौचालयापर्यंत रांग लागली. गॅविन स्टेजवर एकटा, हातात माइक. मला वाटलं, आता रडेल. तो खाली उतरला, सरळ टेबलापाशी गेला आणि बेरिलमावशींच्या पुढे घुसला.

आमच्याकडे माणूस तुरुंगातून सुटून आला तर त्याला चहा विचारतात. रांगेत घुसणाऱ्याला विचारत नाहीत. आणि बेरिलमावशी अठ्ठ्याहत्तर वर्षांच्या, सहापासून पुढची जागा धरून उभ्या.

"ए बिकरडाइक! शेपूट तिकडे आहे."

माइक चालूच होता. मावशींचा आवाज छतावरून परत आला.

"मावशी, मी कलाकार आहे."

"कलाकार? इतका वेळ बघतेय, कला काही आली नाही. पाई तरी आल्या."

हॉल फुटला. एकत्र, एका दमात.

"एकच घेतो, मावशी."

"माझ्या जिन्याला कार्पेट तूच घातलंस ना? पायऱ्या तेरा, कार्पेट बारांना! त्या तेरावीवर पाय सटकला की पहिलं तुझं नाव घेते. देवाचं नंतर."

"मोजताना थोडं चुकलं."

"आणि म्हणे बायको आहे. तीही मोजताना चुकली असेल!"

मागून कोणीतरी ओरडलं, "अरे, माझ्या दिवाणखान्याचं काय?" स्टॅन्सफील्डकाका खोक्यातून म्हणाले, "शेपटाकडे जा गॅविन, नाहीतर समितीपुढे उभा करीन." गॅविन निघाला. रांगेतला प्रत्येक जण त्याला काहीतरी ऐकवत होता, आणि तो बावळटासारखा माइक बोलणाऱ्याच्या तोंडापुढे धरत होता. त्याने स्वतः एकही विनोद केला नाही. फक्त "हो", "चुकलं", "बघतो". शेपटाशी पोचला, आणि त्याची पाळी यायच्या आत काकांनी जाहीर केलं, "पाई संपल्या." एवढं हसू त्या हॉलने माझ्या जन्मात ऐकलेलं नाही.

डेंटबाई डोळे पुसत आल्या. "रांगेची कल्पना भन्नाट आहे. किती दिवस बसवत होतास?"

गॅविनने माझ्याकडे पाहिलं. मी तोंड उघडलं असतं तर संपलं होतं सगळं. उघडलं नाही, कारण माझ्या तोंडात पाई होती.

"तीन महिने," तो म्हणाला.

तीस गावं त्याला मिळाली.

बाहेर मी त्याला गाठलं. "खरं सांग, मुद्दाम घुसलास?"

"सकाळपासून पोटात काही नव्हतं गं."

"मग ती पैज धरायची नाही. लोक बेरिलमावशींमुळे हसले."

"कोणामुळे हसायचं ते कुठे ठरलं होतं?"

नव्हतं ठरलं. हरले. आता दर गुरुवारी शाळा सुटल्यावर मी त्याच्या आईच्या स्वयंपाकघरात उभी राहून गॅविनला गॅविन शिकवते.

"आधी खाकर, मग पँट. तू उलटं करतोयस."

"पण मी तसंच करतो."

"नाही करत. परत."

त्याने परत केलं. परत चुकला.