सरांची चिमूट

आमच्या गणिताच्या सरांइतका हट्टी माणूस संभाजीनगरात दुसरा झाला नाही आणि पुढं होईल असं वाटत नाही. रिक्षात बसले की जवळचा रस्ता ते रिक्षावाल्याला शिकवणार, लग्नात अक्षतेला उशीर झाला तर थेट भटजींना घड्याळ दाखवणार. शाळेत चूक झाली की त्यांची दोन बोटं कानाची पाळी अशी धरत की डोळ्यांत टचकन पाणी यायचं. मग ते विचारत, "दुखलं का?" अख्खा वर्ग बघत असायचा, त्यामुळं प्रत्येकाचं उत्तर ठरलेलं, "नाही सर."

हेच सर सत्तरीत, दोन मिनिटं मागं पडलेलं भिंतीवरचं घड्याळ लावायला स्टुलावर चढले आणि मानेवर पडले. मज्जारज्जूला मार बसला. पाय तीन महिन्यांत चालते झाले, हात मात्र रुसूनच बसले. खडू सोडाच, बोटांत शर्टाचं बटणही धरवेना. काकू घास भरवायच्या आणि सर भिंतीकडं बघत जेवायचे. मला ते बघवायचं नाही. व्यायाम शिकवायला उस्मानपुऱ्यातून एक मुलगी यायची. तिनं कपड्यांचे चिमटे दाबायला दिले, ते सरांनी परत केले. म्हणाले, "चिमट्याला दुखत नाय. मग जोर आला हे कळणार कसं?"

झालं, जुने विद्यार्थी आपापले कान घेऊन हजर होऊ लागले. टक्कल पडलेले, सुना आलेले, एक तर चांगला फौजदार. सरांची थरथरती बोटं पाळीवरून नुसती घसरायची आणि हे सगळे प्रेमापोटी विव्हळायचे, "लई दुखलं सर." सरांनी एकेकाला हाकलून दिलं. शेवटी नेमणूक माझी झाली, कारण वर्गातला सगळ्यात खोटारडा मीच होतो. "तुझं खोटं मला सहावीपासून पाठ आहे," सर म्हणाले.

औरंगपुऱ्यातलं माझं कापडाचं दुकान उघडण्याआधी मी रोज त्यांच्यापुढं त्याच स्टुलावर बसायचो. सात महिने त्यांनी विचारलं, सात महिने मी खरं सांगितलं, "नाही सर", आणि जिन्यात येऊन डोळे पुसले.

परवा बोटं पाळीवर आली, थांबली आणि मिटली. कळ डोक्यात गेली.

"दुखलं का?"

चाळीस वर्षांची सवय, तोंडून निघूनच गेलं, "नाही सर."

सर माझ्या डोळ्यांतल्या पाण्याकडं बघत राहिले. "खोटं बोलतोस, गधड्या," म्हणाले. त्यांचा आवाज इतका ओला मी कधी ऐकला नव्हता. मग म्हणाले, "तुझ्या काकूला सांग, आज मी माझ्या हातानं जेवणार."

दुकानात दिवसभर तो कान मी हात न लावता तसाच ठणकू दिला.