पालकांच्या हॉलमधला विद्यार्थी

ड्रायव्हरकाकांनी उभी हयात विद्यापीठाच्या फाटकापर्यंत बस नेली, पण आत कधी पाऊल टाकलं नाही. शेवटचा थांबा तोच. पोरंपोरी भसाभसा उतरून जायची आणि काका परतीच्या वेळेची वाट बघत बसायचे. सीटवर कुणी ना कुणी पुस्तक विसरलेलं असायचंच. काका ते उघडायचे, रंगात यायचे, आणि संध्याकाळी मुकाट्यानं डेपोत जमा करायचे. त्यामुळे कितीतरी राजांच्या लढाया त्यांच्या डोक्यात अर्ध्यावरच थांबल्या होत्या. कोण जिंकलं, कोण हरलं, देव जाणे!

निवृत्तीनंतर ते घरी बसून काकूंच्या प्रत्येक कामात नाक खुपसायला लागले. शेवटी काकूच वैतागल्या. "अहो, तुम्हाला शिकायचंय ना? मग जा की! मला कशाला शिकवत बसलाय?"

झालं. काकांनी इतिहासाला प्रवेश घेतला.

नव्या विद्यार्थ्यांच्या स्वागताच्या दिवशी काका कडक इस्त्रीचा शर्ट घालून फाटकाशी पोचले. गळ्यात बिल्ला लटकवलेली एक मुलगी लगबगीनं पुढे आली.

"काका, पालकांची सोय डावीकडच्या हॉलमध्ये आहे हं. चहापण आहे."

'अगं, मी...' काकांच्या अगदी ओठांवर आलं होतं. पण मागून लोंढा येत होता. सगळ्यांदेखत सांगायचं म्हणजे! काका गपगुमान डावीकडे गेले.

हॉलमध्ये आईबाप चेहरे पाडून बसले होते. शेजारच्या बाई तर पदराआड चक्क रडत होत्या. काकांना राहवलं नाही. त्यांनी आपला चहाचा कप त्यांच्यापुढे सरकवला.

"पहिल्यांदाच घराबाहेर राहणार हो माझा," बाई म्हणाल्या. "अंथरुणाची घडीसुद्धा घालता येत नाही त्याला. तुमचं कोण आलंय? मुलगा की मुलगी?"

काकांनी घसा साफ केला. "मीच आलोय."

"म्हणजे?"

"म्हणजे... मीच विद्यार्थी आहे. पहिलं वर्ष."

बाई हसू लागल्या, त्या थांबेचनात. काकांचे कान लाल झाले. पण बाई डोळे पुसून ताडकन उठल्या. "अहो, मग इथे काय करताय? तिकडे सगळं सांगून संपेल! चला."

काका नको नको म्हणत असताना बाईंनी त्यांना मनगटाला धरून थेट मोठ्या सभागृहात नेलं. व्यासपीठावर एक प्राध्यापिका ग्रंथालयाबद्दल सांगत होत्या. दारातूनच बाई कडाडल्या, "यांना बसवून घ्या! हे तुमचे विद्यार्थी आहेत!"

सगळं सभागृह वळून बघायला लागलं. तिसऱ्या रांगेतल्या एका मुलानं दोन्ही हातांनी तोंड झाकलं. तो बाईंचा मुलगा. बाईंनी नेमकं त्याच्याच शेजारी काकांना बसवलं, "एकमेकांकडे लक्ष ठेवा," असं बजावलं आणि त्या निघून गेल्या.

"या, या," प्राध्यापिका हसत म्हणाल्या. "आम्ही अजून ग्रंथालयापर्यंतच पोचलोय."

मुलगा बराच वेळ मान वर करेना. काकाच हळूच म्हणाले, "माझीही चूक झाली बाबा. वेळेवर तोंड उघडलं असतं, तर तुझी अशी शोभा झाली नसती."

"शोभा कसली," तो पुटपुटला. "ती सकाळपासून हेच करतेय." आणि मग त्यालाही हसू फुटलं.

जेवणाच्या सुट्टीत दोघंही मुलांच्या घोळक्याच्या कडेला ताट घेऊन घुटमळत होते. कुणाशी काय बोलावं, दोघांनाही उमगेना. शेवटी मुलानंच धीर केला. "आम्ही दोघं बसू का इथे?" त्यानं विचारलं. बाकावरची पोरं सरकली. 'आम्ही दोघं' म्हटल्याचं काकांना फार बरं वाटलं.

आता वर्ग सुरू झालेत. दोघंही इतिहासालाच. मुलगा काकांना टिपणं देतो, काकांनी त्याला चादर नीट खोचायला शिकवलंय. संध्याकाळी वसतिगृहात दोघं अभ्यासाला बसले की बाईंचा काकांना फोन ठरलेला. "माझा जेवला का हो?"

"जेवला, जेवला," काका सांगतात आणि फोनवर हात ठेवून पोराला दटावतात, "ऊठ की रे जेवायला! मला खोटं बोलायला लावू नकोस."