हिल्डाबाई डोंगरावर गेल्या

आमच्या थॉर्नबेक गावात पायी भटकायला येणारी माणसं उतरायची ती हिल्डा मेटकाफबाईंकडेच. नवरा गेल्यावर बाईंनी माडीवरच्या दोन खोल्या पाहुण्यांसाठी मोकळ्या केल्या होत्या. मी शेजारी राहायचो. सकाळी त्यांच्याकडच्या बेकनचा वास माझ्या घरात यायचा, संध्याकाळी त्यांच्या चुलीपुढे परक्यांचे ओले बूट वाळत असायचे. पाहुण्यांना बाई वाट अशी सांगायच्या, जणू रोज जाऊन येतात. खरं तर घरामागच्या डोंगरावर त्या कधीच गेल्या नव्हत्या. म्हणायच्या, डोंगर पाहुण्यांसाठी असतो, मला चादरी धुवायच्यात.

एका वसंतात क्लिफर्ड ऑल्डरसन या मेंढपाळाने डोंगरवाटेवरच्या आपल्या फाटकाला कुलूप ठोकलं. भटके फाटक उघडं टाकून जात आणि त्याच्या मेंढ्या दुसऱ्याच्या कुरणात शिरत. पाहुणे अर्ध्यातून परतू लागले. गावात कुजबुज झाली, पण क्लिफर्डच्या तोंडी कोण लागणार?

एके दिवशी बाईंनी चहाचा थर्मास घेतला, मोज्यांवर मोजे चढवून नवऱ्याचे जुने बूट घातले आणि निघाल्या. काळजीपोटी मीही मागोमाग गेलो. फाटकापाशी दगडी कुंपणाला टेकून त्या बसून राहिल्या. दुपारी क्लिफर्ड कुत्र्याला घेऊन आला.

"इथं काय करतेस, हिल्डा?"

"तू कुलूप काढायची वाट बघतेय."

"तुझ्या पाहुण्यांपायी माझ्या मेंढ्या गावभर हिंडतात."

"मग आपोआप मिटणारं फाटक बसव. माझं कोंबड्यांचं खुराडं तूच केलंस ना? की हात विसरले?"

क्लिफर्डनं फाटकाची बिजागरी हलवून पाहिली. मग बाईंनी पुढे केलेला चहा प्यायला आणि कुलूप काढलं. "एवढी आलीच आहेस, तर वर चल."

माथ्यावरून बाईंनी आपलं घर पहिल्यांदाच पाहिलं. "माझं धुराडं कललंय," त्या म्हणाल्या. "इतकी माणसं येऊन गेली, कुणी बोललं नाही." हसता हसता त्यांनी डोळे पुसले.

नवं फाटक लवकरच बसलं. पुढे दर रविवारी चर्च सुटलं की दोघं वर जाऊ लागली. लोक लग्नाचं विचारत. त्याच्या अंगाला मेंढ्यांचा वास येतो, असं म्हणून बाई उडवून लावायच्या, आणि केकचा मोठा तुकडा त्याच्यासाठी काढून ठेवायच्या.

आता दोघंही नाहीत. घर शहरातल्या एका कुटुंबानं घेतलंय. सुट्टीपुरते येतात, चांगले आहेत. हिवाळाभर खिडक्या अंधाऱ्या असतात. संध्याकाळी माझं दार वाजलं की मी अजून चटकन उठतो. वाटतं, चिखलानं माखलेला कुणी वाटसरू मेटकाफबाईंचं घर विचारत आला असेल.