बोलती सीट

राजापेठेतून सकाळी अकोल्याकडे निघणाऱ्या गाड्यांमध्ये ड्रायव्हरच्या शेजारची जागा कुणी भांडून मागत नाही. मागे बसलं की डोळे मिटता येतात. कुणी खिडकीला डोकं टेकवतं, कुणी ओढणी तोंडावर घेतं, आणि बडनेरा मागे पडायच्या आत मागच्या दोन्ही रांगा घोरायला लागतात. ही सगळी अपडाऊनवाली माणसं, घर अमरावतीत आणि नोकरी अकोल्यात. समोर बसणाऱ्याला मात्र झोपेची मुभा नाही. त्यानं बोलायचं. ड्रायव्हरचा डोळा लागू नये म्हणून अकोला येईपर्यंत बोलत राहायचं. गोवर्धनच्या इको गाडीत त्या जागेला बोलती सीटच म्हणत.

तिथे बरीच वर्षं खुशालराव बसले. कचेरीत हेडक्लार्क, पण गाडीत निव्वळ भांडकुदळ. गोवर्धनच्या वावरातल्या झेंडूला नावं ठेव, त्याच्या गिअर टाकण्याला हस, मुद्दाम उलटं बोल, असा त्यांचा धंदा. गोवर्धन चिडायचा, वाद घालायचा, आणि वादात रस्ता सरायचा. अकोल्यात सगळ्यांना सोडलं की तो कचेरीमागच्या निंबाखाली गाडी लावी, डबा खाई, सीट मागे पाडून ताणून देई. संध्याकाळी उठला की चेहरा धुतलेल्या भांड्यासारखा लख्ख.

मग खुशालराव रिटायर झाले. निरोपाच्या दिवशीही ते गोवर्धनशी भांडले, आणि दुसऱ्या दिवशी त्यांच्या जागी विपुल बसला. कारण एवढंच, की त्याचे पाय लांब होते आणि मागे मावत नव्हते.

विपुल चांगला पोरगा. नवी नोकरी, मांडीवर लॅपटॉप, कानात इअरफोनच्या बोंड्या. प्रवासाचं एक मिनिट वाया जाऊ द्यायचं नाही, असं तो एका भाषणात ऐकत होता आणि ऐकताऐकता कचेरीचं कामही उरकत होता. एकदा कानातली बोंडी काढून त्यानं गोवर्धनला विचारलं, दुपारभर तुम्ही काय करता. गोवर्धननं खरं ते सांगितलं.

"काका, म्हणजे अख्खी दुपार वायाच चालली न तुमची."

मागे कुणीतरी हसलं. बोलणं तिथेच संपलं, पण वाया हा शब्द गोवर्धनला लागला. त्याच्या माळ्याच्या घरात पाण्याची पाळी रात्री येवो की पहाटे, उठावंच लागे, आणि दिवसा आडवा झालेला माणूस म्हणजे आजारी माणूस, असंच त्याला लहानपणापासून ठाऊक. आठ दिवसांत विपुलनं त्याला पार्सल पोचवायचं काम लावून दिलं. पहाटे वावरातली फुलं बाजारात टाकायची, मग अपडाऊनवाले, मग दुपारभर अकोल्याच्या गल्ल्यांत पार्सलं, मग परत अपडाऊनवाले. निंबाखाली आता दुसऱ्याच कुणाची गाडी उभी राहू लागली. मागच्या रांगेतल्या रागिणी मॅडम म्हणाल्या, गोवर्धनभाऊंकडून शिकावं. गोवर्धनला बरं वाटलं.

पहिल्यांदा हरवलं ते मूर्तिजापूर.

बडनेऱ्याचा पूल त्याला आठवत होता. त्यानंतर एकदम काटेपूर्णा नदी आली. मधलं गाव नव्हतंच. गाडी आपल्या पट्ट्यात, वेग बरोबर, विपुल टकटक टाइप करतोय, मागे घोरणं चालू. गोवर्धन आधी घाबरला नाही. उलट त्याला हातांचं कौतुक वाटलं, की बघा, न सांगता आणलं यांनी.

दुसऱ्यांदा अकोल्यात उतरल्यावर त्याला डाव्या आरशात बाभळीची फांदी अडकलेली दिसली. ओली, नुकतीच मोडलेली. रस्त्याच्या किती खाली उतरलं की बाभूळ आरशाला लागते, ते तो चांगलं जाणून होता. कुठे लागली, ते मात्र त्याला सांगता येईना. मागची माणसं जांभया देत उतरत होती. त्यानं फांदी काढून खाली टाकली आणि कुणाला दिसू नये म्हणून पायानं गाडीखाली सरकवली.

घरी वच्छलाच्या लक्षात आलं होतं. जेवताना घास हातात धरून नवरा थांबतो, आणि विचारलं तर म्हणतो काही नाही. एका सकाळी फुलं पोत्यात भरताना ती म्हणाली, "झोपेत तुमी साहेब साहेब करता. हो साहेब, बरोबर हाय साहेब. काय चालू हाय?"

"बोलतो का मी?"

"मस्त बोलता. मी इचारलं, पानी पायजे का, तं म्हनले, टोलनाक्याच्या पुढं थांबू." ती हसली नाही. "गाडीतल्या लोकायले सांगून द्या. दुपारी झोपाची सवय होती म्हना."

"सांगतो अन् उद्या सारे शेखरच्या गाडीत बसतीन. झोपाळू ड्रायव्हर कोनाले पायजे?"

तरीही त्यानं विपुलजवळ विषय काढला. झोपेचं नाव न घेता नुसतं म्हणाला, खुशालराव बोलायचे तर बरं वाटायचं. विपुलला काम सोडून बोलणं जमणार नव्हतं, पण तो समजूतदार होता. त्यानं रागिणी मॅडमना पुढे बसवलं आणि स्वतः पाय दुमडून मागे गेला.

रागिणी मॅडमना बोलायला विषय लागत नसे. सासूचे गुडघे, साहेबांचं टार्गेट, पहाटे उठून केलेले दोन डबे. त्यांचेही डोळे खोल गेले होते, पण तोंड चालू होतं. गोवर्धन कधी ‘हो न’ म्हणायचा, कधी ‘मंग’ म्हणायचा. खुशालरावांसारखं त्या भांडत नसत. त्यांना फक्त कुणीतरी ऐकायला हवं होतं, आणि ऐकल्यासारखं करणं सोपं असतं.

त्या दिवशी लोणीच्या पुढे त्यांनी दर्यापूरच्या एका लग्नाची गोष्ट सुरू केली. नणंदेकडचं लग्न, वरातीत रुसलेले मामा. तेवढं गोवर्धनला आठवतं. त्यानंतर त्याला ऐकू आलं ते स्वतःचं हसणं.

तो हसत होता. समोर, अगदी काचेला टेकल्यासारखी, कापसाच्या पऱ्हाटीनं भरलेली ट्रॅक्टरची ट्रॉली होती. त्यानं ब्रेक दाबला. मागची डोकी पुढच्या सीटांवर आपटली, कुणाचा तरी डबा घरंगळला. ट्रॉलीवाल्यानं मागे वळूनही पाहिलं नाही. बाजूला बोरगाव मंजूची पाटी होती.

गोवर्धननं गाडी कडेला घेतली.

"मॅडम, मी का हसलो?"

रागिणी मॅडमनी ओढणी सावरली. "मामा रुसून बैलांच्या गोठ्यात जाऊन बसले म्हणून."

"त्याच्या आंधी काय म्हनलं मी?"

"तुम्ही म्हणाले, असा एक पावना आमच्याकडेही हाय. त्याले साखरपान्यावर मनवा लागते. काहून, काय झालं?"

असा पाहुणा त्यांच्याकडे होता खरा. त्याचं नाव घेतल्याचं मात्र गोवर्धनला ठाऊक नव्हतं. म्हणजे हातांपाठोपाठ आता तोंडही त्याला सोडून एकटं चालायला लागलं होतं. लोणीपासून इथवर एक झोपलेला माणूस रागिणी मॅडमशी गप्पा मारत गाडी हाकत होता, आणि कुणालाच, त्या मॅडमनाही, फरक कळला नव्हता.

त्यानं चावी काढून खिशात टाकली. मागे वळला आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला, "मी झोपलो होतो. आजच नाई, लय दिसापासून झोपून रायलो. मी आता गाडी नाई चालवत."

पहिल्यांदा कुणाला पटेना. विपुल म्हणाला, काका, तुम्ही तर बोलत होता, मी एका कानानं ऐकत होतो. कुणी घड्याळ पाहिलं. कचेरीत हजेरीचा थंब लावायला उशीर झाला की अर्धी रजा कापतात, हे सगळ्यांना आठवलं. एकानं पाण्याची बाटली पुढे केली, की तोंडावर मारा, अकोला आलंच आता.

"आलंच म्हनूनच भेव हाय," गोवर्धन म्हणाला आणि खाली उतरला.

मग ते रागावले. भररस्त्यात सोडता म्हणाले, आधी सांगायला काय झालं होतं म्हणाले. विपुलनं शेखरला फोन लावला. शेखरची मोठी गाडी मागूनच येत होती, अर्धी रिकामी. ती डावा इंडिकेटर देत कडेला लागली, आणि माणसं डबे-पिशव्या घेऊन भराभर तिकडे निघाली.

शेखर खिडकीतून बघत होता. तरणा गडी, चार माणसांची कामं करतो म्हणून ज्याचं नाव. गोवर्धननं त्याला रामराम केला. शेखरचे डोळे गोवर्धनवर होते, लालसर, पाणावलेले, आणि ते हललेच नाहीत. थोड्या वेळानं तो म्हणाला, "हो काका. बरोबर हाय."

गोवर्धननं काहीच विचारलं नव्हतं.

तो धावत दुसऱ्या बाजूला गेला. रागिणी मॅडम मधल्या सीटवर चढत होत्या. त्यानं दाराला हात घातला. "मॅडम, तुमी समोर बसा. त्याच्यासंग भांडा. ‘हो न’ म्हनते म्हनून भरोसा नोका ठेवू. त्याले असं काई इचारा का त्याले इचार करा लागला पायजे."

"आता आम्हालेच शिकवता का," त्या तुटकपणे म्हणाल्या. त्यांच्या कपाळावर टेंगूळ आलं होतं. "सरका, उशीर होऊन राहिला."

समोर विपुल बसला, त्याचे पाय लांब होते. गोवर्धननं काचेवर थाप मारली. विपुलनं हात हलवला, लॅपटॉप उघडला आणि बोंड्या कानात घातल्या.

गाडी रस्त्यावर चढली, सरळ रेषेत, बरोबर वेगानं. गोवर्धन कडेला उभा राहून बघत राहिला. ती पार लहान होईपर्यंत तिचा डावा इंडिकेटर लुकलुकत होता. कुठेच वळायचं नव्हतं, आणि तो बंद होत नव्हता.