चुकीची तारीख

शाळेत शिकवून झालं की मी ब्रह्मपुरीच्या कॉम्प्युटर क्लासला जायची, तेव्हा खिडकीजवळच्या मशीनवर एक माणूस रोज बसलेला असे. त्याचं नाव मी कधी विचारलं नाही. बटन, तारखेचा रकाना, गावांची यादी असे पडद्यावरचे तयार मराठी भाग तो बनवायचा. शाळेला, दवाखान्याला प्रोग्राम लागला की हेच उचलून जोडायचे, दरवेळी नव्यानं लिहायचं नाही. एकेक बटन तो शंभरदा दाबून बघायचा, दर खेपेला मान पुढे करून.

मलाही बोलवायचा. "बाई, तारीख चुकीची भरा."

"काऊन?"

"बरोबर भरनाऱ्याची काळजी नाई. चुकनाऱ्या मानसाले मशीननं हाकलू नये."

दोन वर्षांनी तो गडचिरोलीच्या एका कचेरीत ते भाग दाखवायला गेला. तिथे शहरातून इंग्रजी प्रोग्राम आधीच आला होता. साहेबांनी त्याला मशीनला हातही लावू दिला नाही. परत आल्यावर तो म्हणाला, "वापरनाराच नाई, तं मी कोनासाठी तपासून राह्यलो, बाई?"

दुसऱ्या दिवसापासून तो आला नाही.

महिन्याभरानं क्लासवाल्याला मशीनमध्ये जागा हवी होती. त्या माणसाचं काम पुसण्याआधी क्लासवाल्यानं मला विचारलं, "बाई, हे कोनाच्या कामाचं हाये का?"

मी नाही म्हणाले.