येणाऱ्या पुराची रेघ

आमच्या कारध्याला पुलाजवळच्या टपरीवर किस्से शोधावे लागत नाहीत. शेजारचे देवाजीमामा चहाला येऊन बसले की एखादा आपोआप तयार होतो. झालेलं सगळं त्यांना पाठ. होणाऱ्याचं विचारलं की माझंच डोकं फिरतं.

परवा मॅच हरलो. मामा म्हणाले, "मले मालूमच होतं."

मी म्हटलं, "काल तं जिंकते म्हणत होते तुमी."

"काल मॅच कुठं झाली होती?"

सरपंच निवडून आला, तेव्हा कोणाची मतं काहून फिरली हे मामांनी तासभर समजावलं. अगदी पटलं. मग मी सोसायटीच्या निवडणुकीचं विचारलं. "निकाल लागू दे, सांगतो ना," म्हणाले.

एका साली ज्यांनी लवकर रोवणी केली त्यांचं धान बुडालं. म्हणून पुढच्या साली मामांनी उशिरा रोवलं, तर पाऊसच गेला. मामा म्हणाले, "हिशेब बरोबर होता, साल चुकलं."

मामांचं घर नदीच्या अंगाला. आतल्या भिंतीवर दर पुराची गेरूची रेघ, सगळ्यात वरची कमरेएवढी. मागच्या पुरात घर खाली करायची दवंडी आली. मामी गाठोडं बांधून उभी. मामा म्हणाले, "याच्यावर पाणी कधीच आलं नाही," आणि बियाण्याची पोती रेघेच्या वीतभर वर फळीवर ठेवली. पाणी फळीवरून गेलं. दोघांना आम्ही डोंग्यात बसवून बाहेर काढलं. मामी रडत होती. मला मामांचा फार राग आला होता.

पाणी ओसरल्यावर मामांनी खांद्याएवढी नवी रेघ मारली आणि फळी तिच्या वीतभर वर ठोकली.

औंदा पुन्हा दवंडी आली. मामी म्हणाली, "शहापूरले बहिणीकडे जाऊ."

मामांनी खांद्याएवढी रेघ दाखवली. "याच्यावर कधीच आलं नाही."

मामीनं शिडी लावली, गेरू कालवला आणि पार छपराच्या कवेलूंखाली एक रेघ ओढली.

मामा गोंधळले. "हे कोणत्या पुराची?"

"येणाऱ्या."

मामांनी मान वर करून रेघ पाहिली. मग त्यांनी बियाण्याचं पोतं खांद्यावर घेतलं आणि मला म्हणाले, "गाडी काढ बाबू. एवढं पाणी आल्यावर कोण राह्यते इथं?"