बठ्ठी हवा

नातू पिंप्राळ्याच्या घरासमोर पिकअप उभी करतो आणि डिझेलचा वास आत शिरतो. मी खिडकी लावून घेते. तो हसतो. त्याला काय सांगू?

तेव्हा आम्ही पिंपळनेरला होतो. धाकटी बहीण सुमन बाळंतपणात अडली होती. शेजारच्या नानांच्या नव्या डिझेल गाडीतून मी आणि आमचे वडील, आबा, तिला धुळ्याला नेत होतो. नानांची सगळी सवय पेट्रोलच्या गाडीची. साक्रीच्या पुढे भर उन्हात टाकी कोरडी पडली. डब्यातलं डिझेल ओतलं, तरी गाडी सुरू होईना.

"डिझेलनी नळीमा हवा शिरनी शे," नाना बॉनेटखालून ओरडले. "बठ्ठी काढनी पडी!" सगळी हवा काढल्याशिवाय इंजिन चालणार नव्हतं.

मागच्या हौद्यात अंथरलेल्या गवतावर सुमनचं डोकं माझ्या मांडीवर होतं. खालून फुस्स आवाज येत राहिला. हीच ती हवा असं वाटून मी तिला म्हणाले, "निघालोच बघ आता."

इंजिन खरंच धडधडलं. नानांनी गियर टाकला, पण गाडी जागची हलेना. मागची दोन्ही चाकं चपटी होऊन जमिनीला टेकली होती. शेजारी बाभळीचा काटा घेऊन आबा उभे होते. जन्मभर बैलगाडी हाकलेला माणूस. लेकीसाठी काहीतरी करता आलं म्हणून चेहरा उजळलेला.

"नाना, बठ्ठी काढी टाकी," ते म्हणाले.

सुमनचा चेहरा आता पुसट झालाय. आबांचा नाही.

इंजिन चालूच होतं, आणि मांडीवरचं डोकं जड होत गेलं.